मुकी कमान

कामिनीचं पत्र दिवाळीनंतर आलं आणि प्रदर्शनाचा दिवस उजाडला तरी मी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं.

ती लहानपणी शिरपूरच्या वाचनालयात यायची. मी तिथं ग्रंथपाल होतो. आता ती धुळ्यात सासरचा मंडपाचा व्यवसाय सांभाळते आणि मी निवृत्त होऊन जळगावला, पिंप्राळ्यात राहतो. फोनवर मी गांगरतो आणि कशालाही हो म्हणून टाकतो हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिनं पत्र लिहिलं.

‘नाना, शेती अवजारांच्या व्यापाऱ्यांचं प्रदर्शन दरवर्षी तीन दिवस चालतं आणि नंतर माझ्या गोदामामागे फ्लेक्सचा डोंगर उरतो. त्यांच्यावर तारीख आणि पाहुण्यांचे फोटो असतात, त्यामुळे ते पुन्हा लावता येत नाहीत. यंदा मी समितीला सांगितलंय, फ्लेक्स नाही, थर्माकोल नाही, फेकून द्यायचं कार्पेट नाही. प्रवेशाची कमान कापडावर रंगवून घेतेय, वर्षानुवर्षं वापरता येईल अशी. तिच्यासाठी एक ओळ द्या. त्यात साल नको, कुणाचं नाव नको. अध्यक्षांनी बजावलंय, पसंत नाही पडलं तर पुढच्या वर्षी दुसरा मंडपवाला.’

एकच ओळ मागितली होती. आयुष्यभर पुस्तकांत बसलेल्या माणसाला ती सहज सुचायला हवी. पण मी लिहिलेली प्रत्येक ओळ एकतर सरकारी सूचना वाटे, नाहीतर लग्नपत्रिका. कागद फाडत गेलो. शेवटी सुनंदा, माझी बायको, म्हणाली, “लिहिता येत नाही ना, मग जाऊन तोंड तरी दाखवा. पोरगी वाट पाहत असेल.”

सकाळच्या एसटीनं धुळ्याला पोचलो. मैदानाच्या दाराशी कमान उभी होती. एका खांबावर केळीचे घड, दुसऱ्यावर उमललेली कपाशी, आणि वर मधोमध कोरं कापड. माझ्या ओळीची जागा. मला परत फिरावंसं वाटलं.

कामिनीनं मला पाहिलं, पण तिला बोलायला सवड नव्हती. अध्यक्ष प्रेमराजभाऊ तिच्यासमोर उभे होते.

“कामिनीताई, कमान मुकी शे का? अहो, बारशाच्या मांडवालासुद्धा सुस्वागतम असतं!”

“भाऊ, तारीख आणि पाहुण्यांचं नाव तिकडे फळ्यावर येईल. खडूनं. म्हणजे पुढच्या वर्षी पुसून—”

“फळ्यावर? गैरहजर पोरांची नावं लिहितात तिथं! एवढा मोठा माणूस उद्घाटनाला येणार, त्याला काय वाटेल?”

पाण्याचे माठ, स्टीलचे पेले, जेवणाला केळीची पानं, स्टॉलमध्ये सतरंज्या, हे सगळं त्यांनी निमूट चालवून घेतलं होतं. पाहुण्यांचा चेहरा नसणं मात्र त्यांना सोसेना. त्यांनी सकाळीच फ्लेक्स छापायला टाकला होता. “आला की कमानीवर चढवा. आणि पुढच्या वर्षीचं नंतर बघू,” असं म्हणून ते वळले.

कामिनीचा चेहरा उतरला. त्या कोऱ्या कापडाला कारण मी होतो. “कामिनी, मी...” एवढंच बोललो. ती म्हणाली, “असू द्या नाना. चहा घेतला का?” त्यानं मला आणखी वाईट वाटलं.

टेम्पोतून फ्लेक्स उतरला. पाहुणे त्यावर बैलगाडीएवढे हसत होते. माणसं शिडी लावत होती, तेवढ्यात प्रेमराजभाऊंचा फोन वाजला. त्यांनी दोन वेळा “बरं साहेब” म्हटलं आणि ते खुर्चीवर बसले.

“येत नाहीत. ताप आलाय म्हणे.”

सगळे त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. फीत कापायची वेळ झाली होती. शेवटी कुणीतरी सुचवलं आणि समितीनं रावेरकडच्या लताबाईंना गाठलं. केळीच्या खोडाच्या धाग्यांच्या पिशव्यांचा स्टॉल त्या मांडत होत्या.

“मी? माह्या हाताले तर चीक लागेल हाये!”

“चालेल अक्का, कात्रीच धरायची आहे,” प्रेमराजभाऊ म्हणाले आणि मग मान वर न करता, “कामिनीताई, तो फळा आणा बरं.”

फळा आला, खडू आला, पण लिहायचं कुणी? कामिनीनं खडू माझ्या हातात ठेवला. वाचनालयाच्या दारातला ‘नवीन पुस्तके’चा फळा मी वर्षानुवर्षं लिहिला होता. पहिलं अक्षर पुसून पुन्हा काढलं. मग हात आपणहून चालू लागला. तारीख आणि लताबाईंचं नाव लिहून झालं. लताबाई जवळ येऊन म्हणाल्या, “नाव तं चांगलं दिसते हो आपलं!” प्रेमराजभाऊ हसले. “आणि हजर आहे!” मी हातावरचा खडू झटकला.

दुपारी कमानीखाली फोटोसाठी गर्दी झाली. एक जण बायकोला सांगत होता, “उभी राय. गेल्या साली फोटोमा मन्हा डोकावर त्या पाव्हनासनंच डोकं व्हतं.” रखवालदार निंबानं फ्लेक्स मागून घेतला. “कडबावर टाकसू, भाऊ. पन तोंड खाले ठेवसू, नहीतं म्हैस बिचकी जाई.”

निघताना प्रेमराजभाऊ म्हणाले, “कामिनीताई, पुढच्या साली तुम्हीच. कमान हीच. फक्त त्या कोऱ्या जागेत काहीतरी टाका. हे नाना आहेत ना.”

काम तिच्याकडेच राहिलं होतं. तिचे डोळे भरून आले, पण माझ्याकडे वळून ती हसली. “नाना, उत्तर राहिलंय तुमचं. फोनवर नको हं. पत्रानंच द्या.”

परतीच्या एसटीत, पारोळा मागे पडल्यावर, मला फोटोत हसणारी ती माणसं आठवत होती. त्यांच्यापैकी एकानंही मान वर करून विचारलं नव्हतं, की इथं काय लिहायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी पोस्टकार्ड घेतलं. ‘चि. कामिनी, वरची जागा कोरीच राहू दे. केळी आणि कपाशी पुरे आहेत. प्रेमराजभाऊंना हे मी सांगितलं म्हणून सांग. दरवर्षी जे बदलतं ते फळ्यावर मी येऊन लिहीन. – नाना.’

पुन्हा वाचलं. ‘मी सांगितलं म्हणून’ हे जरा जास्त झालं का, असं वाटलं. पेन उघडलं, मिटलं, आणि कार्ड कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून दिलं.