पन्नासचा काटा

इंजिन नवं बांधलं की मी गिऱ्हाइकाला पन्नास सांगतो. पहिले हजार किलोमीटर काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही. खरं तर अधूनमधून ऐंशीनं पळवली तरी काही बिघडत नाही. पण ऐंशी सांगितलं की लोक शंभरनं पळवतात, आणि इंजिन गेलं की शिव्या मला. म्हणून पन्नास. बेंबळीत वीस वर्षं गॅरेज चालवतोय, एकानंही ते पाळलेलं नाही.

माकणीच्या बलभीमनं पाळलं.

त्याची टर्बोची जीप. गेल्या साली दुसऱ्या कुणाकडून इंजिन बांधून घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी वऱ्हाड घेऊन अशी पळवली, की भर रस्त्यात पिस्टन जाम झाले. यंदा माझ्याकडं आला तेव्हा चार माणसांत मी त्याची खरडपट्टी काढली.

"पन्नास म्हंजे पन्नास! मागं देव येऊन बसला तरी!"

"व्हय, मिस्त्री," तो मान खाली घालून म्हणाला.

इंजिन बांधून जीप नेल्यावर आठव्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोच्या, हरणाबाईच्या, छातीत कळ आली. लोहाऱ्याच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन सोलापूर गाठायला सांगितलं. घरची जीप होतीच. मागं तिचा भाऊ श्रीनाथ बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं.

"दाजी, दाबा की! मोटारसायकली पुढं चालल्यात!"

बलभीमची नजर काट्यावर. "मधीच जाम झाली तर हिला काय खांद्यावर नेऊ? गप बस."

रस्ताभर तो पन्नासच्या वर गेला नाही. दवाखान्यात हरणाबाईला उतरवलं तेव्हा सगळं संपलं होतं. अर्धा तास आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून श्रीनाथ बलभीमशी एक शब्द बोलला नव्हता.

तेराव्यानंतर दोघं ऑइल बदलायला आले. मी बॉनेट उघडून जीप चालू केली. माझ्या हातचं इतकं सुरेख बसलेलं इंजिन मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्याची किळस आली.

"मिस्त्री," बलभीमनं विचारलं, "खरं सांगा. त्या दिवशी म्या पळवली असती तर?"

एरवी माझं तोंड कुणाच्या बापाला भीत नाही. तेव्हा मात्र वर बघायचीही हिंमत झाली नाही.

"जाम झाली असती," मी म्हणालो. "निम्मी वाटबी गाठली नसती."

बलभीम मेव्हण्याकडं वळला. "ऐकलंस का, श्रीनाथ?" तो हुंदके देत म्हणाला. "म्या न्हाय मारलं रं तिला."

श्रीनाथ जीपमधून उतरला आणि त्याच्या पाया पडला. "माझं चुकलं, दाजी."

मी ऑइल काढायला जीपखाली शिरलो. ऑइल केव्हाच गळून संपलं, तरी मी बाहेर आलो नाही.