साहेबांची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. अभ्यासिकेत मला सगळे 'साहेबांची खुर्ची' म्हणतात आणि ते नाव कानावर पडलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, माझ्या जन्मातच खोट राहिली. सुतार घाईत होता. माझ्या पाठीची मधली पट्टी त्याने उलटी ठोकली आणि लाकडातली गाठ बसणाऱ्याच्या बाजूला आली. त्याच्या बायकोने बोट लावून दाखवलं, तर म्हणाला, "चालून जाईल गं! अभ्यासिकेत जायचीये ती. टेकून बसायला तिथे कुणाला वेळ असतो?" झालं, मी बहिणींबरोबर टेम्पोत चढले.

ही अभ्यासिका म्हणजे एका दुकानावरची लांबट खोली. मोठे सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षेसाठी इथे मुलंमुली दिवसभर पुस्तकात डोकं खुपसून बसतात. खोलीचे मालक, म्हणजे सगळ्यांचे काका, रोज स्वतः झाडू मारतात. माझ्या वाट्याला एक उंच, अबोल मुलगा आला. पहिल्याच दिवशी माझी गाठ त्याला टोचली. त्याने माझ्यावर आपली बॅग ठेवली, खाली सतरंजी अंथरली आणि भिंतीला पाठ लावून वाचत बसला. परीक्षा होईपर्यंत तो तिथेच बसला. "पाय घे रे बाबा जवळ," असं म्हणत काका त्याच्याभोवतीने झाडायचे.

तो मुलगा खरोखरच साहेब झाला. काकांना आनंद झालाच, पण अभ्यासिकेचं नाव होण्याची ही संधी त्यांनी सोडली नाही. त्यांनी मला पॉलिश केलं आणि पाठीवर ठसठशीत अक्षरांत 'साहेबांची खुर्ची' असं नाव रंगवलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे तर कावळा बसलाच नव्हता! तरी नव्या मुलांची माझ्यावरून भांडणं होऊ लागली. पेपरला जाताना मुलं मला हात लावून जात. मी आपली लाकूडच, काय बोलणार?

खिडकीजवळ एक मुलगी बसायची. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ती सगळ्यांची ताई. ती दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आली होती आणि वयाच्या अटीमुळे आता तिला शेवटचीच संधी होती. काका मायेनेच म्हणाले, "ताई, यंदा तू साहेबांच्या खुर्चीवर बस. बघू, कशी होत नाहीस ते!"

तिने उजेडाची, सवयीची जागा सोडली आणि ती माझ्यावर येऊन बसली.

महिन्याभरात तिची पाठ धरली. ती ओढणीची घडी मागे ठेवून बघायची, तिरकी होऊन बसायची, मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून ओशाळून ताठ बसायची. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, दुसरी खुर्ची घे की!"

"ते याच खुर्चीवर बसून झाले ना? त्यांची नाही दुखली पाठ," ताई हळू आवाजात म्हणाली. "माझंच बूड स्थिर नाही. एवढंही सोसत नाही, आणि निघाले अधिकारी व्हायला."

धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. दोष माझा होता आणि लाज तिला वाटत होती.

मुख्य परीक्षेच्या शेवटच्या पेपरला तिला बसवेना. येणारे दोन प्रश्न तसेच राहिले. निकाल लागला तेव्हा तिचं नाव कुठेच नव्हतं.

पुस्तकं न्यायला ती वडिलांबरोबर आली. वडील दाराशीच थांबले. आत यायला त्यांनाही अवघडल्यासारखं झालं असावं. ताई काकांपुढे उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "काका, माफ करा. तुमच्या खुर्चीचं नाव घालवलं मी."

काकांना सगळं ठाऊक होतं. ते बोलायला गेलेही. पण जागा बघायला आलेली नवी मुलं माझ्याभोवती उभी होती. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ते म्हणाले, "असू दे गं पोरी. ज्याचं त्याचं नशीब."

"चल बाळा, गाडी चुकेल," वडील म्हणाले. एका हाताने कंबर धरून ती जिना उतरली. तिच्या जागी बसलेला नवा मुलगा आता पाठ ताठ करून, ओठ आवळून वाचतो आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू टोचत असेल तर ती वेळीच दुरुस्त करून घ्या. सोसत बसण्यात काही मोठेपणा नाही. आणि तुमच्या घरी कुणी हरून परत आलं, तर त्याला नशिबाच्या गोष्टी सांगू नका. आधी त्याला नीट टेकून बसू द्या. माझ्याकडून तेवढंही झालं नाही.