भाऊजींचा प्रतिध्वनी

खाणीसाठी मागितलेल्या जंगलात ते दिवसा बोलणारं, नामशेष व्हायला टेकलेलं छोटं घुबड आहे की नाही, हे मला शोधायचं होतं. खाणीचे मॅनेजर म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते सकाळपासून माझी पाठ सोडत नव्हते.

मी स्पीकरवर घुबडाची रेकॉर्ड केलेली हाक वाजवली. ओढ्यापलीकडून उत्तर आलं.

"तुझाच स्पीकर घुमला," भाऊजी म्हणाले. "समोर कडा आहे. प्रतिध्वनी!"

माझं डोकंच सटकलं. स्पीकरची बॅटरी काढून मी त्यांच्या हातात कोंबली. "आता ऐका."

आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. पानसुद्धा हललं नाही. माझा धीर सुटत चालला.

"पुरे झाला हट्ट. माझी नोकरी गेली तर ताईला काय तोंड दाखवशील?" असं म्हणत त्यांनी ऑफिसला फोन लावला. "इथे काहीही नाही. मशिनं आत घ्या."

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरच्याच फांदीवरून हाक आली. एकदा, मग पुन्हा.

"घ्या म्हटलं ना!" भाऊजी फोनवर खेकसले.

"घेतो, साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण तिथे ते घुबड ओरडतंय ना?"