कमळीच्या हातची लांबी

निर्मळच्या रस्त्याला जयरामचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, वर माडाच्या झापांचं छप्पर आणि मागे गोणपाटाचा पडदा. पडद्यापुढे जयराम हातोडीनं गाड्यांचा पत्रा ठोकायचा आणि पडद्यामागे त्याची बायको कमळी लांबी भरायची. लांबी म्हणजे पत्र्यावरचे बारीक खोलगट भाग बुजवायचा राखाडी लगदा, हल्ली सगळे त्याला पुट्टी म्हणतात. त्यात हार्डनर कालवायचं, घट्ट व्हायच्या आत पातळ थर ओढायचा आणि वाळला की लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासत बसायचं. घासून घासून बोटं सोलवटायची कमळीची, आणि नाव व्हायचं जयरामचं.

"गाडीला बाईचा हात लागतो हे कळलं तर गिऱ्हाईक फिरकनार नाय," जयराम म्हणायचा. "झाकली मूठ सव्वा लाखाची, कमळे."

"मूठ माझी आन सव्वा लाख तुमचे," कमळी म्हणायची.

ती काही गरीब गाय नव्हती. खाडीकाठच्या शेतकऱ्याची लेक, खळी सारवून सारवून तिचा हात बसला होता. डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायची आणि डोळ्याला न दिसणारा उंचवटा तिला बरोबर लागायचा. आपल्याइतकी सपाट लांबी सोपाऱ्यापासून वसईपर्यंत कुणी भरत नाही, असं तिचं मत होतं आणि ते खरंही होतं. फक्त ते मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. हेच तिला खुपायचं, आणि का खुपू नये?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. भुईगावच्या आलोशियस यांची जुनी हिलमन गाडी कामाला आली. त्यांच्या घरातली प्रत्येक नवरी त्याच गाडीतून चर्चला गेलेली. आता त्यांची धाकटी लेक ग्रेसी लग्नाला उभी राहणार होती, आणि खाऱ्या वाऱ्यानं गाडीची चारही मडगार्डं खाऊन टाकली होती. जयरामनं गंजका पत्रा कापला, नवे तुकडे वेल्डिंगनं जोडले, ठोकून आकारात आणले. वरून कमळीनं लांबी अशी भरली की जोड कुठला ते जयरामलाही सापडेना. तीन मडगार्डं झाली आणि माहेराहून सांगावा आला, आई पडली म्हणून. कमळी गेली.

परतली तेव्हा चौथं मडगार्ड तयार होतं, त्यावर रंगसुद्धा चढला होता. जयराम लग्नातल्या व्याह्यासारखा ऐटीत उभा.

"बघ, तुझ्यावाचून अडलं नाय."

कमळीनं तळवा फिरवला. जरा लाट होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आईच्या काळजीनं ती थकली होती. चालेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

लग्न परवावर आलं तेव्हा ग्रेसी सायकलवरून गाडी बघायला आली. गाडी बघून पोरगी हरखली. "आमच्या गाडीचा रिवाज माहीत आहे ना, मावशी?" ती म्हणाली. "नवरी चर्चच्या दारात उतरली की मामाकडची माणसं चारी मडगार्डं ढोलासारखी बडवतात. माझ्या आईच्या वेळी आवाज पार निर्मळच्या देवळापर्यंत गेला होता म्हणे."

आणि तिनं एकेका मडगार्डावर थाप मारून दाखवली. ठण. ठण. ठण. चौथ्यावर मारली तर, ठप.

ग्रेसीला त्यात काही वाटलं नाही. कमळीनं मात्र तिथंच पुन्हा बोटं वाजवून बघितली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो पान्हा शोधायला लागला होता.

"आत काय कोंबलंय?" तिनं विचारलं.

"भोक मोठं होतं," जयराम हळूच म्हणाला. "वेल्डिंगचा गॅस संपलेला. मंग होडीच्या फटीत भरतात तसा कापूस ठोसला आन वरून जाड लांबी मारली. बाबानं जन्मभर होड्या केल्या, एकीत कधी पानी शिरलं नाय."

आता काय बोलायचं या माणसाला? होडीचं लाकूड पाण्यानं फुगतं आणि कापूस घट्ट धरतं. पत्रा थोडाच फुगतो? तो आतून सडतो, नि कापसावरची लांबी म्हणजे चिखलावरचा गिलावा. परवा मामाकडच्या माणसांची पहिली थाप बसली की ते ढेपूळ नवरीच्या पायाशी येऊन पडणार होतं.

"राहू दे ना," जयराम कुजबुजला. "हळू वाजवा म्हनून सांगू."

"हळू वाजवा? लग्नात?" कमळीनं छिन्नी उचलली आणि ग्रेसीच्या देखत चौथ्या मडगार्डावर घाव घातला. अख्खा थर खाली आला, सोबत ओला कापूस, आणि मागे पंजा जाईल एवढं भोक. ग्रेसीनं तोंडावर हात ठेवला.

"बाकीची तीन मडगार्डं मी भरलीत," कमळी म्हणाली. "या गॅरेजात पहिल्यापासून लांबी मीच भरते. हे तेवढं माझं नव्हतं. आता होईल."

जयरामनं मान खाली घातली. ग्रेसी सायकलवर बसून तडक घरी गेली.

तासाभरात आलोशियस स्वतः हजर. "गाडी बाईनं केलीय?" त्यांनी जयरामला विचारलं. जयरामनं भोकाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. शेवटी म्हणाला, "पत्रा माझा, भाऊ. वरचं काम तिचं."

आलोशियस वाकून भोकात डोकावले. मग म्हणाले, "लग्न परवा आहे, दुसरीकडं कुठं नेऊ? करा. पण चर्चच्या दारात जर हे पडलं, तर अख्ख्या वसईत सांगेन कुणाच्या हातचं पडलं ते."

"सांगा की," कमळी म्हणाली. "टिकलं तरी सांगा."

गॅसची टाकी आली. जयरामनं नवा तुकडा असा जोडला की त्याच्या बापानंही पाठ थोपटली असती. चूक केली होती, पण हात अस्सल होता. कमळीनं पडदा बाजूला सारला आणि रस्त्यावरच्या उजेडात बसली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. बघू देत. पातळ थर, घासणं, तळवा. पुन्हा थर, पुन्हा घासणं. रंग चढला तेव्हा तिची बोटं बधिर झाली होती, आणि तिला भलतंच छान वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी नवराबायको चर्चच्या फाटकाशी गर्दीत उभी राहिली. हिलमन आली. बँड वाजू लागला. ग्रेसी पांढऱ्या झग्यात उतरली, आणि तिचा मामा निकोलस, केळीचे लोंगर एका हातानं उचलणारा गडी, बाह्या सरसावून नेमका चौथ्या मडगार्डाशी गेला. जयरामनं डोळे मिटले. कमळीनं उघडे ठेवले. पडलं तर आपल्याच डोळ्यांनी बघायचं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

ठण.

मग चारी बाजूंनी तळवे पडायला लागले. पत्रा गात होता, लोक नाचत होते, निकोलस तर घामाघूम होईपर्यंत बडवत होता, आणि रंगाचा टवका उडाला नाही.

थाप थांबली तेव्हा आलोशियस गर्दीतून कमळीकडं बघत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आधी ग्रेसीच पुढं आली, झगा सावरत, आणि कमळीचा हात धरून तिला गाडीपाशी घेऊन गेली.

"मावशी, तू वाजव."

"हा मान मामाकडच्यांचा," कुणीतरी म्हणालं.

"मग ही पण मामाकडचीच," निकोलस म्हणाला आणि बाजूला झाला.

कमळीनं पदर खोचला. सोललेला तळवा उचलून चौथ्या मडगार्डावर सगळ्या ताकदीनं मारला. आवाज विरेपर्यंत ती थांबली. मग वळून, चर्चच्या दारातल्या साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही लांबी मी भरलीय. कमळी माझं नाव."