जिभेची देवी आणि पायलीभर तांदूळ

चामोर्शीच्या बाजारात त्या दिवशी भाज्या सुकून गेल्या, पण गिऱ्हाईक फिरकेना. सगळा बाजार मुक्यांना बोलतं करणाऱ्या जीभबाबाच्या मांडवात लोटला होता. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात गाणारा सोमाजी, लकवा मारल्यापासून सात महिने मुका, चक्क खणखणीत आवाजात दंडारीचं नमन गात होता. बायका डोळे पुसत होत्या.

"देवीनं जीभ वापस केली!" बाबा गरजला. "आता दवाखान्यातल्या गोळ्या वैनगंगेत फेका. गोळी पोटात गेली का देवी निघून जाते!"

रक्तदाबाच्या त्या गोळ्या सोमाजीच्या बायकोच्या, वच्छलाच्या पदराला बांधलेल्या होत्या. खोटं कशाला सांगा, तिचंही काळीज भरून आलं होतं. पण काहीतरी खटकत होतं. सकाळी बाबाच्या चेल्यानं गोडीगुलाबीनं विचारलं होतं, "याले कोनतं गानं पाठ हाये?" आणि बाबानं नेमकं तेच सुरू करून दिलं. रांगेतल्या लालसूच्या मुक्या बापाला एकही गाणं येत नव्हतं, तर त्याला मुहूर्त नाही म्हणून वाटेला लावलं. देवीला एवढी चौकशी कशाला लागते?

ती पुढे झाली. "अजी, मी कोन? माहं नाव सांगा."

सोमाजीचे ओठ नुसते हलले.

"जीभ फक्त भक्तीसाठी देली, माय," बाबा घाईनं म्हणाला.

"अस्सं?" वच्छलानं शेजारच्या तांदूळवालीची पायली घेतली आणि खळ्यावर धान्य मोजतात त्या चालीत, एकाला 'लाभ' म्हणत, माप टाकू लागली. "लाभ... दोन... तीन..." तिथेच ती मुद्दाम थांबली. सोमाजी मात्र त्याच चालीत बारापर्यंत मोजत गेला.

"हे कोनती भक्ती, महाराज?"

मांडवात हशा पिकला. दवाखान्यातल्या सत्यशीला सिस्टर गर्दीतच होत्या. त्या म्हणाल्या, "मेंदूच्या डाव्या बाजूले मार बसला का शब्द शोधून बोलनं अडते. पाठ गानं, मोजनी बहुतेक शाबूत राह्यते. देवी नाई, मेंदू आहे तो. बोलनं सरावानं हळूहळू येईन. पन गोळी सुटली तं दुसरा झटका! यायले तं घरीही गाता आलं असतं. कोनी यायच्यासंगं गानं म्हनूनच पाह्यलं नाई काऊन?"

वच्छलाला रडू कोसळलं. घरात दुःख म्हणून तिनंच सात महिने कोणाला गाणं म्हणू दिलं नव्हतं.

लोकहो, हात जोडायच्या आधी एवढंच करा: बाबानं सांगितलं नाही, तेही एकदा करवून पाहा.

वच्छलानं डोळे पुसले, गाठ सोडली आणि गोळी नवऱ्याच्या जिभेवर ठेवली.

"देवी कोपेल!" बाबा ओरडला.

"कोपू द्या. विचारलं तं सांगजा, गोळी वच्छलानं देली."