वहीत नसलेला रकाना

मी एक जुना वायुभारमापक आहे. नाव जड असले तरी काम सोपे आहे. हवेचा दाब किती, एवढेच मी सांगतो. दिसायला मी घड्याळासारखा आहे. पितळेचे गोल घर, वर काच, आत पांढऱ्या चकतीवर आकडे. फक्त काटा एकच. त्यामुळे पुष्कळ लोक माझ्याकडे पाहून किती वाजले ते शोधतात आणि मग ओशाळतात. मित्रांनो, मला वेळ कळत नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे दुःख त्यातूनच आले.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात, रस्त्याकडच्या खिडकीखालच्या बाकावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका कारागीर बाईंनी आतली हवा काढलेली पातळ पत्र्याची डबी माझ्या पोटात बसवली. हवेने दाबले की ती डबी किंचित चेपते आणि काटा वर चढतो. दाब हलका झाला की काटा उतरतो. बाईंनी मला नऊ दिवस एका भरवशाच्या यंत्राशेजारी टांगून ठेवले आणि मग माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, ‘बिनचूक’. त्या चिठ्ठीची ऐट मी बरीच वर्षे मिरवली.

पुढे मी एका बंदराच्या कचेरीत होतो. बाहेर पडण्यापूर्वी खलाशी माझ्यासमोर येऊन उभे राहत. काटा उतरलेला दिसला तर टोपी काढून डोके खाजवत आणि परत जात. मग कचेरीत नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली. तिथे एका मोडक्या पंख्याखाली मी दोन पावसाळे काढले. एके दिवशी जाड बोटांच्या एका माणसाने मला उचलले, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने काचेवर टकटक केले आणि काटा थरथरलेला पाहून तो म्हणाला, “जिवंत आहे की!”

तो सुतार होता. घरामागच्या अंगणात तो नऊ वर्षे एक लहानशी शिडाची बोट बांधत होता. गल्लीतले लोक विचारत, “काय काका, पाण्यात कधी?” तो म्हणे, “भिजलो की सांगतो.” त्याची बायको टपाल कचेरीत होती. तीस वर्षे तिने पाकिटांवर तारखेचे आणि वेळेचे शिक्के मारले होते. “आधी तुमची बोट उतरते की माझी निवृत्ती येते, ते बघू,” असे ती नवऱ्याला चिडवायची. दोन्ही एकाच महिन्यात आले.

बोट इतकी लहान होती की चुलीपासून अंथरुणापर्यंत तीनच पावले. सुताराने मला चुलीशेजारच्या फळीवर चार स्क्रूंनी बसवले आणि खाली दोरीने एक वही आणि पेन्सिल टांगली. वहीत त्याने पट्टी न लावता सरळ रेघा मारल्या. सुताराचा हात तो. रकाने दोनच : तारीख आणि आकडा. वेळेचा रकाना त्याने ठेवला नाही. “वेळ काय लिहायची? दहा म्हणजे दहा!”

यामागे कारण होते. उष्ण समुद्रात हवा रोज श्वास घेतल्यासारखी वागते. चांगल्या हवेतही माझा काटा सकाळी दहाच्या सुमाराला चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमाराला तीन घरे उतरतो. रोज दोनदा चढायचे, दोनदा उतरायचे. म्हणून आजच्या दहाचा आकडा कालच्या दहाच्या आकड्याशीच ताडायचा. तो तीनने उतरलेला दिसला, तर वादळ कुठेतरी कूस बदलते आहे असे समजायचे. सुताराने हे बायकोला एकदा नीट समजावले होते. ती तेव्हा मासे साफ करत होती.

सात महिने आम्ही बेटांमागून बेटे हिंडलो. नांगर टाकला की तळातली साखळी दिसावी इतके नितळ पाणी. शिडाच्या आडव्या दांड्यावर वाळत घातलेले कपडे. सकाळी डेकवर येऊन पडलेले उडते मासे. सुतार माझा आकडा पाहून आल्याशिवाय चहाला हात लावत नसे. बायको हसून म्हणायची, “काय म्हणतात भावोजी? आज निघायचं की नाही? माझं नाही ऐकलं तरी चालेल, भावाचं ऐका.” मला घरातल्या माणसासारखे नाते देणारी ती पहिलीच. मित्रांनो, मी सुखात होतो.

मग परतीचे दिवस आले. त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती आणि पोचायला अजून पाच आठवडे लागणार होते. पंधरा दिवसांपूर्वी रेडिओत पाणी शिरले होते, तेव्हापासून हवेची बातमी सांगणारा मी एकटाच होतो. एका सकाळी सुतार पाण्याचे डबे भरायला आणि मुलीला फोन करायला किनाऱ्यावर गेला. जाताना म्हणाला, “दहाला आकडा लिहून ठेव.”

ती कपडे धूत बसली आणि दहा वाजून गेले. आठवण झाली तेव्हा चार वाजले होते. रोजच्याप्रमाणे मी एक हजार बारावरून एक हजार नवावर उतरलो होतो. तिने ‘एक हजार नऊ’ लिहिले. पुढे वेळ लिहायला रकाना नव्हता आणि बोलणी खायची तिची तयारी नव्हती.

संध्याकाळी सुतार आला. “डॉक्टर म्हणतात, दिवस आधीच भरतील. आईला सांगा लवकर या, म्हणाली.” मग त्याची नजर वहीवर गेली. “अगं, तीननं उतरला? काल बारा होता!”

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती म्हणाली, “सकाळी बघा की परत. एक रात्र थांबल्यानं काय बिघडतंय?”

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला त्याने टकटक केले. मी नऊवर होतो. मित्रांनो, त्या वेळी मी बारावर असायला हवा होतो. हवा खरोखर बिघडायला लागली होती आणि मी ते माझ्या परीने स्वच्छ सांगत होतो. पण सुताराला वहीत कालचा नऊ दिसला, समोर आजचा नऊ दिसला.

“थांबला उतरायचा,” तो म्हणाला. “काल जे व्हायचं ते होऊन गेलं. आज स्थिर आहे. निघायचं ना?”

तिच्या हातात चहाचा कप होता. तिचे ओठ हलले. तेवढ्या क्षणात मला वाटले, आता सांगेल. मग ती म्हणाली, “निघू या.”

ते खोटे नव्हते. पण खरे ते मागेच राहिले होते.

दुपारी दोनपर्यंत मी एक हजार चारवर आलो होतो. समुद्राला लांब, जड लाटा येऊ लागल्या. सुतार आत डोकावला, त्याने माझ्याकडे पाहिले आणि लगेच मागे बेटाकडे नजर टाकली. मागे वळावे तर बेटाची खडकांमधली वाट आता लाटांनी बंद झाली होती. अर्ध्या तासात वारा आला. “सुकाणू धर!” एवढेच तो ओरडला आणि शीड उतरवायला धावला. चरखीवर गुंडाळलेला दोर अडकला होता. त्याने हाताने तो सोडवायला घेतला. वाऱ्याने शिडाला हिसका दिला आणि दोराने त्याचा उजवा हात आत ओढला.

पुढचा दीड दिवस तिने एकटीने सुकाणू धरले. तो माझ्याखाली पडून होता, हाताला चादर गुंडाळून. शुद्धीवर आला की म्हणायचा, “हा खोटं बोलला. स्थिर दाखवत होता.” मी फळीसकट हादरत होतो. मला तोंड असते तर!

पुढच्या बेटावरच्या दवाखान्यात त्याची दोन बोटे काढावी लागली. त्यातलेच एक माझ्या काचेवर टकटक करायचे. एका हाताने बोट हाकता येईना, म्हणून ती तिथेच विकली. नऊ वर्षांचे काम किनाऱ्यावर सोडून ती दोघे मोठ्या जहाजाने घरी आली. नात सव्वीस दिवसांची झाली होती. मुलीने बाळ पुढे केले तेव्हा आजोबांनी बांधलेला हात मागे घेतला.

बोट सोडताना त्याने मला डाव्या हाताने उखडले होते. वहीसकट एका पत्र्याच्या डब्यात, गंजक्या खिळ्यांबरोबर, मी त्याच्या कारखान्यातल्या फळीवर पडलो. रंधा बंद होता. करवतीला धूळ चढली होती. कोणी आत येत नसे.

वर्षभराने जावई स्क्रू शोधायला आला आणि मी त्याच्या हाती लागलो. मला घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. “बाबा, हे चालतं का?”

“चालतं. खोटं बोलतं, एवढंच.”

नातीची दुपटी घडी करणाऱ्या आजीचा हात थांबला. “भावोजी खोटं नव्हते बोलले,” ती म्हणाली. “आदल्या दिवशीचा आकडा मी चारला घेतला होता. दहाला विसरले.”

जावई मला टेबलावर ठेवून हळूच बाहेर गेला.

“सकाळी का नाही सांगितलंस?” सुताराने विचारले.

“तुम्ही एकदा सांगितलं होतं, वेळेनं फरक पडतो म्हणून. अर्धवट आठवत होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता. मला लेकीकडे जायचं होतं हो.”

तो स्वतःच्या तीन बोटांकडे बघत राहिला. मग चप्पल घालून बाहेर गेला. चार दिवस ती दोघे ‘पाणी दे’, ‘दार लावा’ एवढेच बोलली. मला वाटले, खरे बाहेर आले आणि घर मोडले.

पाचव्या दिवशी तो डब्यातून वही घेऊन आला. ती भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसून त्याने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि प्रत्येक पानावर आकड्याशेजारी एक उभी रेघ ओढली. वाकडीतिकडी, जिथे तिथे थरथरलेली. वर लिहिले : वेळ. 

“घाई मलाही होती,” तो म्हणाला. “तीननं उतरला होता तरी निघालो. आणि हा रकाना मीच ठेवला नव्हता.” मग वही तिच्याकडे सरकवली. “तो दिवस तू भर.”

तिने त्या नवापुढे लिहिले, ‘दुपारी चार’. तारखेच्या शिक्क्यासारख्या नीट, गोल अक्षरात. मग बराच वेळ ती पदराने माझी काच पुसत राहिली.

आता मी स्वयंपाकघरात टांगलेला आहे. सुतार डाव्या हाताच्या पेराने टकटक करतो; ते मला अजून परके वाटते. बोट कोणी परत आणलेली नाही, बोटेही नाहीत. समुद्राचे नाव या घरात निघत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे तुमच्या घरी असतील. त्यांची काच पुसा, त्यांना आदळू नका. पण त्याहून एक मागणे आहे. आम्ही जे सांगतो ते अर्धेच असते. उरलेले अर्धे तुमच्यापाशी असते : केव्हा पाहिले, कोणी पाहिले, काय विसरले. ते बोलणी खावी लागली तरी सांगा, आणि शीड चढवण्याआधी सांगा.

आज मी एक हजार अकरावर आहे. लिहून घ्या. पुढे वेळही लिहा.