पाण्याला चरबी म्हटले तेव्हा

“श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा... हलायचं नाही हं!”

आमच्या तंत्रज्ञ ताईंचा हा मऊ आवाज मी हजारो वेळा ऐकला आहे. मित्रांनो, मी एक जुने एमआरआय यंत्र आहे. कारखान्यात कितीतरी हातांनी माझ्या तारांची वेटोळी गुंडाळली. या रुग्णालयात आले तेव्हा मी दारात मावेना, म्हणून भिंत पाडून मला आत घेतले!

माझे आवडते काम म्हणजे पोटातली चरबी ओळखणे. सुई नाही, चिरा नाही. माझ्या चुंबकाच्या ओढीने पाण्याचे आणि चरबीचे अतिसूक्ष्म कण डोलू लागतात, पण चरबी किंचित हळू डोलते. दोघे चालताना पावले कधी जुळावीत, कधी उलट पडावीत, तसेच ते. मी दोन्ही क्षण टिपते आणि चरबी वेगळी, पाणी वेगळे अशी चित्रे काढते. देवाने देह किती नेटका रचला आहे, हे मला रोज नव्याने दिसते.

ताईंचा एक नेम होता. रोज पहिल्या रुग्णाआधी एक तेलाची आणि एक पाण्याची बाटली माझ्यात ठेवून त्या मला तपासून घेत. मग शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले. ताई तिकडे गेल्या. माझ्या हवेच्या जाळीवर धूळ साचली, बाटल्या कपाटात गेल्या.

एके दिवशी नवे यंत्र बंद पडले आणि ताई कपडे शिवणाऱ्या एका बाईंना माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांच्या धाकट्या भावाचे यकृत निकामी झाले होते.

“त्याला शब्द दिलाय, यकृताचा तुकडा देईन तर मीच,” बाई म्हणाल्या. मी धडधडू लागले तशा हसल्या, “अगंबाई! याच्यापेक्षा माझी शिलाई मशीन गरीब म्हणायची!”

“हळू बोला, रुसेल ती,” ताई म्हणाल्या. रांग लांब होती. घाईत त्या दिवशी ताईंनी कपाटातून बाटल्या काढल्या नाहीत.

चित्रे पाहून डॉक्टरांनी मान हलवली. “यकृत चरबीनं गच्च भरलंय. यांचं घेता येणार नाही.”

बाई बाकावर बसल्या. “मी त्याला काय तोंड दाखवू? दुसरं कुणी नाही हो त्याला.”

ताई मात्र पडद्यापासून हलल्या नाहीत. “डॉक्टर, रागावू नका. पण कातडीखाली चरबीचा थर सगळ्यांनाच असतो ना? मग चरबीच्या चित्रात तो पांढरा दिसायचा सोडून काळा का दिसतोय?”

डॉक्टर पुढे वाकले. “अरेच्चा! म्हणजे या मशीननं अदलाबदल केली?”

“हो. पाण्यालाच चरबी म्हटलंय. आणि मी सकाळी तपासणी टाळली. चूक माझीही आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ताईंनी धूळ पुसली, बाटल्या शोधून आणल्या, मला तपासले आणि बाईंना पुन्हा झोपवले. या वेळी कातडीखालचा थर पांढरा आला. यकृतात चरबी निघाली शंभरात तीन भाग.

“निरोगी आहे,” डॉक्टर म्हणाले. “ताई, माझी नजर एकट्या यकृतावरच अडकली होती, कातडीकडे गेलीच नाही.”

“आधी चहा घ्या,” ताई बाईंना म्हणाल्या, “मग हवं तेवढं रडा.”

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. धूळ पुसा, रोजची तपासणी चुकवू नका. पण आमचे म्हणणे डोळे मिटून मानूही नका. मला दिसते फार, कळते थोडे. कळायला ताईंसारखे माणूस लागते.

बाईंच्या बाकीच्या तपासण्याही ठीक निघाल्या. भावाला यकृत द्यायला भरती व्हायच्या सकाळी बाई माझ्या खोलीच्या उघड्या दारावरून गेल्या. सोबतचे नातेवाईक लिफ्टची वाट पाहत गप्पा मारत होते. बाईंनी पिशवी खांद्याला लावली, जिना गाठला आणि शस्त्रक्रियेच्या मजल्याकडे एकेक पायरी चढू लागल्या.